डोंगरापलीकडची चौदा गावं: आत, बाहेर, पुन्हा आत

वाशीहून कल्याणला जाणारी एनएमएमटीची बस महापे मागे टाकून चढ चढायला लागली की मी वर्गातल्या पोरांना मोबाइल खाली ठेवायला लावते. दोन्ही हातांना खाणींनी कुरतडलेला पारसिकचा डोंगर, मग उतार, मग शिळफाट्याची कोंडी. "शहर कुठे संपलं?" असं विचारलं की सगळे एका सुरात सांगतात, माथ्यावर. डोळ्यांना तसंच दिसतं. पण शिळफाट्यावरून पनवेलच्या दिशेनं थोडं पुढे गेलं की उत्तरशिव, गोठेघर, दहिसर लागतात आणि कागदोपत्री आपण परत नवी मुंबईत येतो. मधला शीळचा तुकडा ठाणे महापालिकेचा. म्हणजे या रस्त्यानं नवी मुंबईतून नवी मुंबईत जायचं तर वाटेत ठाणं लागतं.

दहिसर, मोकाशी, वालिवली, पिंपरी, निघू, नावाळी, भंडार्ली, बामाली, नारिवली, बाळे, नागाव, वाकळण, उत्तरशिव आणि गोठेघर ही ती चौदा गावं. १ जानेवारी १९९२ ला नवी मुंबई महापालिका अस्तित्वात आली तेव्हा ती तिच्यात होती. कर महापालिकेचे आणि सोयी गावाच्या, अशी तक्रार सुरू झाली, आंदोलनं झाली आणि २००७ मध्ये गावं बाहेर पडली. मार्च २०२२ मध्ये तेव्हाचे नगरविकास मंत्री एकनाथ शिंदे यांनी ती पुन्हा आत घेण्याची घोषणा विधानसभेत केली. त्याच वर्षी सप्टेंबरात प्रारूप अधिसूचना निघाली, मार्च २०२४ मध्ये अंतिम. त्यानंतर ऐरोलीचे आमदार गणेश नाईक यांनी ही गावं नवी मुंबईवर भार आहेत, ती वगळा, अशी भूमिका जाहीरपणे घेतली. तेही आता शिंद्यांबरोबर एकाच सरकारात मंत्री. एकाच मांडवात दोन सनया.

नगररचना शिकवताना 'शहराची वाढ कुठवर' या धड्याला मी हेच प्रकरण घेते. कारण यात सगळं आहे: पाणी, कर, जमीन, मतदारसंघ, कचरासुद्धा. एकच गोष्ट नाही, ती म्हणजे सभागृह. नवी मुंबईच्या महासभेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं. घोषणा, प्रारूप, हरकती, अंतिम अधिसूचना हे सगळं त्या मधल्या काळात झालं. प्रशासक बसलेला असताना महासभा तोच, स्थायी समिती तोच आणि आयुक्तही तोच. प्रस्ताव मांडायचा त्यानं आणि मंजूर करायचा त्यानंच.

हे नुसतं लोकशाहीचं गाऱ्हाणं नाही, कायद्याचा मुद्दा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ नुसार हद्द बदलण्याचा अधिकार राज्य सरकारचा, पण महापालिकेशी विचारविनिमय करून आणि आधी प्रारूप प्रसिद्ध करून. 'विचारविनिमय' या शब्दाला किती वजन आहे ते शेजारच्या कल्याण-डोंबिवलीनं पाहिलंय. तिथली २७ गावं १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये परत आत आली. २०२० मध्ये सरकारनं त्यांतली १८ वगळून वेगळी नगर परिषद करायचं ठरवलं. उच्च न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरात तो निर्णय रद्द केला, कारण महापालिकेशी कायद्याला अपेक्षित असा विचारविनिमय झालाच नव्हता. ज्या शहरात महासभाच नव्हती तिथे तो कुणाशी करायचा, हा प्रश्न मी परीक्षेत घालते. उत्तरं छान येतात, एकासारखं एक नसतं.

इथे एक परदेशी उदाहरण द्यावं लागतं, कारण पोरं ते इंटरनेटवर वाचून आलेलीच असतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं १९७३ मध्ये कायदा करून प्रत्येक शहराला आपल्या वाढीची सीमारेषा आखायला लावली. पोर्टलंडची रेषा १९७९ मधली. रेषेच्या आत पुढच्या २० वर्षांना पुरेल एवढी घरांची जमीन ठेवायची, बाहेर शेती आणि जंगल राखायचं. तिथली निवडून आलेली महानगर परिषद ठराविक वर्षांनी हिशेब घेते आणि जमीन कमी पडत असेल तर रेषा सरकवायची की आतच दाट बांधायचं यावर भांडते. पोरांना वाटतं आपली हद्दवाढ म्हणजे तेच. तसं नाही. त्यांच्या रेषेवर बांधकाम थांबतं. आपल्या रेषेनं घरपट्टी कुठल्या खिडकीत भरायची तेवढं ठरतं. बांधकामाला ती रेषा दिसतही नाही. दहिसर मोरीच्या आसपासची भंगाराची गोदामं ग्रामपंचायतीच्या काळात वाढली ती काही कुणाच्या अधिसूचनेची वाट बघत नव्हती.

आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट होती: मुंबई महानगर प्रदेशाचा प्रादेशिक आराखडा. १९९९ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात जमिनीचे नागरीकरणाचे आणि हरित असे पट्टे पाडलेले होते. पण हिरवा रंग नकाशावर राहतो आणि गुंठा बाजारात विकला जातो. ग्रामपंचायतीच्या एका दाखल्यावर तीन मजले उभे राहिलेले मी स्वतः मोजलेत. त्या गावाचं नाव घेत नाही, त्या एकट्याचा तो गुन्हा नाही.

आता पाणी. नवी मुंबईची श्रीमंती तिच्या स्वतःच्या धरणात आहे. खालापूरजवळचं मोरबे धरण महापालिकेनं २००२ मध्ये विकत घेतलं आणि दिवसाला सुमारे ४५० दशलक्ष लिटरची सोय करून ठेवली. हे पाणी भोकरपाड्याला शुद्ध होतं आणि कळंबोलीवरून बेलापूरमार्गे उत्तरेकडे चढत जातं. दिघ्यासारख्या टोकाच्या भागासाठी महापालिका एमआयडीसीचं पाणी घेत आलेली आहे, इतकं ते टोक लांब. आता त्यात डोंगरापलीकडचं आणखी एक टोक. मोरब्याचं पाणी तिथवर न्यायचं तर नवी वाहिनी, टाक्या, पंप आणि वाटेतल्या दुसऱ्यांच्या हद्दी ओलांडायच्या परवानग्या. गावांच्या बाजूनं मात्र एमआयडीसीच्या बारवी धरणाच्या वाहिन्या आधीपासून जातात. म्हणजे गाव नवी मुंबईत गेलं तरी पाणी बदलापूरकडूनच यायचं, फक्त बिल कुणी भरायचं ते बदलणार.

त्यातल्या एका गावात एक आजी ओट्यावर निळ्या ड्रमाशेजारी बसल्या होत्या. ड्रमावर लाकडी फळी, फळीवर पालथा तांब्या. सोबतच्या एका विद्यार्थिनीनं वहीतला प्रश्न वाचला, "नवी मुंबईत समावेश झाल्याबद्दल आपलं मत काय?" आजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. "पोरी, नाव कंचं बी लाव. नलाला पानी कवा येल, ते बोल." विद्यार्थिनीनं वहीत लिहिलं: 'तटस्थ.' मी ते नंतर खोडायला लावलं.

पण या प्रकरणाचा खरा कणा पाणी नाही, जमीन आहे. नवी मुंबई हे शहर उभं राहिलं ते सिडको या सरकारी महामंडळानं जमीन आधी ताब्यात घेतली म्हणून. १९७० पासून ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन संपादनात गेली. तिची किंमत भूमिपुत्रांनी कशी मोजली ते जानेवारी १९८४ चं जासई विसरू देत नाही. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यात पाच जण गेले आणि पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देणारी साडेबारा टक्क्यांची योजना आली. तो इतिहास कडू आहे. पण त्याचा एक परिणाम असा की मालक एकच असल्यामुळे सिडको आधी रस्ता, गटार, मैदान आखू शकली आणि मग भूखंड विकून त्यांचा खर्च काढू शकली. वाशीतल्या सेक्टरला आकार आहे तो त्यामुळे.

या चौदा गावांत तसा एकच मालक नाही. प्रत्येक सातबाऱ्यावर भावकी आहे, वारस आहेत, मधल्या काळात गुंठ्या-गुंठ्यानं विकलेले तुकडे आहेत, नोटरीवर झालेले व्यवहार आहेत. महापालिकेला इथे शाळा हवी, रुग्णालय हवं, तर आधी विकास आराखड्यात आरक्षण टाकायचं, मग ती जागा मिळवायची: बोलणी करून, टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन किंवा संपादन करून. दहा वर्षांत मिळवली नाही की मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उडतं. दहा वर्षं ही इथे फार मोठी मुदत आहे. कल्याण–शीळ रस्त्यावर एका दहा वर्षांत माळरानांची टॉवरं झाली.

आणि आराखडा कुठे आहे? हद्द वाढली की वाढीव क्षेत्राचा आराखडा करण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम ३४ मध्ये आहे. इरादा जाहीर करा, जमीनवापराचा नकाशा करा, प्रारूप काढा, हरकती ऐका, सरकारकडे पाठवा. नवी मुंबई महापालिकेनं तिच्या मूळ शहराच्या विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध केलं ते ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर तीस वर्षांनी. तेही सिडकोशी आरक्षणांवरून तंटा करत. ज्या पालिकेला सपाट, आखीव, एका हातातल्या जमिनीचा आराखडा करायला तीस वर्षं लागली तिच्या हाती डोंगरापलीकडच्या हजारो सातबाऱ्यांचा नकाशा द्यायचा, तर तारखेबद्दल आशावादी राहणं मला जमत नाही.

शेतकऱ्याच्या बाजूनं याला आणखी एक पदर आहे. वर्तमानपत्रांत तो क्वचित येतो, त्यामुळे वर्गात मी त्यावर जास्त वेळ घालवते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ग्रामीण जमिनीच्या बाजारभावाला १ ते २ चा गुणांक लागतो, शहरी जमिनीला १. वर दोन्हीकडे शंभर टक्के दिलासा रक्कम. म्हणजे ग्रामीण म्हणून जिथे चौपटीपर्यंत मिळू शकतं तिथे शहरी झाल्यावर दुप्पट. आता याच पट्ट्यातून काय काय जातंय ते पाहा. कल्याण–तळोजा मेट्रो १२ च्या स्थानकांच्या यादीत बाळे आणि वाकळण ही नावं आहेत. बुलेट ट्रेनचा घणसोलीकडून येणारा बोगदा शिळफाट्याला बाहेर पडतो. ऐरोली–काटई रस्त्यासाठीही हाच डोंगर पोखरलाय. जमीन कुणाला ना कुणाला लागणारच. ती गावात असताना लागली की शहरात गेल्यावर, यानं मोबदल्याचं गणित बदलतं. शहरात गेल्यावर बाजारभाव वाढेल आणि ते भरून निघेल, असं सांगतात. निघेलही. पण हे गणित कुणीतरी ग्रामसभेत फळ्यावर मांडून दाखवायला हवं होतं.

कराचं थोडक्यात सांगते, कारण त्यावरच सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो आणि तिथेच मार्ग सर्वांत सोपा आहे. नव्यानं आलेल्या गावांना महापालिकेचा पूर्ण दर पहिल्या दिवसापासून लावायचा नसतो, तो टप्प्याटप्प्यानं चढतो. पुण्यात २०१७ आणि २०२१ मध्ये गावं आली तेव्हा हीच पद्धत होती. तरीही फुरसुंगी आणि उरुळी देवाची कराच्याच तक्रारीवरून बाहेर पडली आणि त्यांची वेगळी नगर परिषद झाली. दर टप्प्यानं चढला तरी नळ टप्प्यानं येत नाही, हे तिथलं दुखणं.

मग हे झालं कशासाठी? माझं मत सांगते. चौदा गावं विधानसभेला कल्याण ग्रामीणमध्ये आणि लोकसभेला कल्याणमध्ये मत देतात. खर्च मात्र ऐरोली आणि बेलापूरच्या करदात्यांच्या तिजोरीतून व्हायचा. घोषणेचा फायदा होणारे मतदार डोंगराच्या एका बाजूला, पैसे देणारे दुसऱ्या बाजूला. असा निर्णय सभागृहात आला असता तर पहिल्या तासाभरात कुणीतरी उठून विचारलं असतं: सरकार किती देणार, आणि कुठल्या लेखाशीर्षातून? तो प्रश्न विचारला गेला, पण पत्रकार परिषदांतून आणि पत्रांतून, अधिसूचना निघाल्यावर. बारशाच्या दिवशी लग्नाची याद करायची असा प्रकार.

भंडार्लीची गोष्ट याच काळातली. ठाणे महापालिकेनं दिव्याची कचराभूमी २०२३ च्या सुरुवातीला बंद केली आणि तात्पुरता प्रकल्प भंडार्लीत, भाड्याच्या जागेवर आणला. गावकऱ्यांनी विरोध केला. म्हणजे गाव जिल्हा परिषदेच्या ताब्यात, कचरा ठाण्याचा आणि प्रवेशाचा कागद नवी मुंबईचा, अशी एकाच वेळी तीन राज्यं. हद्द म्हणजे काय हे शिकवायला मला याहून चांगलं चित्र मिळालेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मी वर्गात महासभा भरवली. बाकं गोलात, मधल्या टेबलावर झाकणाच्या डब्यापासून केलेला राजदंड. वीस सदस्य, एक महापौर, एक सचिव, एक मुख्य लेखाधिकारी आणि एक नगररचना अधिकारी. विषयपत्रिकेवर एकच विषय: चौदा गावांच्या समावेशाबाबत महापालिकेचा अभिप्राय शासनास कळवणे. पोरांनी यूट्यूबवर खऱ्या सभांची चित्रणं पाहून ठेवली होती, त्यामुळे "महापौर महोदय, मी आपल्या निदर्शनास आणू इच्छितो" हे सगळ्यांना तोंडपाठ.

ऐरोलीच्या नगरसेविकेनं पहिलीच तोफ डागली: "आमच्या लोकांनी धरणाचे हप्ते फेडले, आता पाणी वाटायचं कुणी?" लेखाधिकारी झालेल्या मुलानं शांतपणे सांगितलं की गावांतून येणारी घरपट्टी आणि तिथे टाकायची जलवाहिनी यांची तुलनाच होऊ शकत नाही, हा खर्च शासनाचं अनुदान आल्याशिवाय अंदाजपत्रकात धरता येणार नाही. सत्ताधारी बाकांवरून "शासन आपलंच आहे" अशी आरोळी आली. मग नगररचना अधिकारी झालेली मुलगी उठली. तिनं सभेचा नूरच बदलला. तिचं म्हणणं, पैशाचं नंतर बघू. आधी सांगा, उद्या सकाळपासून तिथलं बांधकाम थांबवायला माझ्याकडे किती माणसं आहेत? गावांचं दफ्तर ग्रामपंचायतीकडे, मोजणी भूमी अभिलेखकडे, आराखडा कुणाकडेच नाही. हद्द जाहीर झाल्यापासून आराखडा मंजूर होईपर्यंतचा प्रत्येक महिना म्हणजे गुंठेवाल्याची सुगी. "हद्द आधी आणि आराखडा नंतर हा क्रमच चुकलाय, महापौर महोदय." सभागृह क्षणभर गप्प. मग नेहमीप्रमाणे सगळे एकदम बोलायला लागले.

उपसूचना आली: समावेशास मान्यता, पण तीन अटींवर. शासनानं पायाभूत सुविधांचा निधी आधी वर्ग करावा. वाढीव क्षेत्राच्या आराखड्याचा इरादा अधिसूचनेच्याच दिवशी जाहीर व्हावा. आणि डोंगर व वनाला लागून असलेला पट्टा कायम हरित राहील असं त्यात आधीच लिहावं. तिसऱ्या अटीवर सगळ्यात जास्त वाद झाला. माझ्या मते पोर्टलंडच्या सगळ्यात जवळ जाणारी तीच. ती कापायला निघालेला सदस्य म्हणाला, "हरित ठेवायचं म्हणजे तिथल्या शेतकऱ्यानं आयुष्यभर शेतीच करायची का? शेजारचा टॉवर बांधणार आणि हा भेंडी लावणार?" त्याला उत्तर कुणाकडे नव्हतं. माझ्याकडेही तयार उत्तर नाही. हरित पट्ट्याच्या मालकाला बदल्यात विकता येण्याजोगा हक्क दिला नाही तर तो पट्टा नकाशावरच हिरवा राहतो, एवढं मी सांगू शकले.

उपसूचना अकरा विरुद्ध नऊ मतांनी मंजूर झाली. खऱ्या सभागृहात पुढे काय होईल ते बघायचं. १११ नगरसेवकांची महासभा आता आली आहे, पण जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ नंतर प्रशासकीय हद्दी गोठवल्यामुळे गावं काढायची म्हटली तरी लगेच काढता येणार नाहीत. तोवर आराखड्याच्या इराद्याचा ठराव करायला मात्र कुणाची आडकाठी नाही.

विरोधात मत देणाऱ्या नवांत एक मुलगा डोंबिवलीकडच्या, त्या २७ गावांपैकी एका गावचा होता. इतका वेळ तो काही बोलला नव्हता. सभा तहकूब झाल्यावर मी त्याला विचारलं, अटी तर तुझ्या गावासारख्या गावांच्याच फायद्याच्या होत्या, मग विरोधात का गेलास? तो म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घरपट्टीच्या पावत्या आहेत. आधी महापालिकेच्या, मग ग्रामपंचायतीच्या, मग परत महापालिकेच्या. आजी त्यातली एक पण टाकू देत नाही. का म्हणून विचारलं तर बोलते, कंची परत लागल काय सांगावं."